जामित्र पाहावं लागेल

बाबांनी कागद उलटा केला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक हाय. पण जामित्र पाहावं लागेल."

मी उभीच होते. सकाळपासून या एका वाक्याच्या भीतीनं घरभर येरझाऱ्या घालत होते. एकदा दूध उतू जाऊ दिलं, एकदा गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. आणि शेवटी वाक्य आलं ते नेमकं तेच.

समोर दोन पत्रिका होत्या. एक माझी, आणि दुसरी मला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्याची. बाबांनी दोन्ही स्वतःच्या हातानं मांडल्या होत्या, पट्टी लावून, तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं.

"जामित्र म्हणजे काय?" मी विचारलं.

"सातवं घर. लग्नाचं. जाया म्हणजे बायको, तिचं घर ते जामित्र." कागदांची घडी घालत ते म्हणाले, "तुले नाही समजणार ते."

मी मेहकरच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वर्गात कितीही मठ्ठ पोरगं असलं तरी त्याला 'तुला समजणार नाही' असं मी आजवर म्हटलेलं नाही, आणि मला कोणी तसं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तरी त्या दिवशी गप्प बसले. कारण 'जामित्र पाहावं लागेल' हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि त्याचा खरा अर्थ मला पक्का ठाऊक होता. त्यातल्या शब्दाचा नव्हे, वाक्याचा.

बाबा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पत्रिका जुळवणं हा त्यांचा नोकरीत असल्यापासूनचा नाद. दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी पसरली जायची आणि आसपासच्या गावांतून लोक यायचे. आई होती तोवर चहा तिनं केला, ती मी कॉलेजात असताना गेली आणि मग मी करू लागले. म्हणून मला आतली गोष्ट माहीत. मुलीचा बाप आदल्या दिवशी एकटाच येऊन जायचा. खालच्या आवाजात म्हणायचा, "पोरगं काही पटून नाही राह्यलं हो. पण साडूनं आणलेलं स्थळ हाय. तोंडावर नाही कसं म्हणावं?" बाबा मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी बसली की ते बराच वेळ बोटांवर मोजायचे, पंचांग चाळायचे, आणि अगदी वाईट वाटल्यासारखं म्हणायचे, "जामित्र पाहावं लागेल." पुढं कोणी काही विचारत नसे. चहा व्हायचा, पोराकडचे उठायचे, साडूचा मान राहायचा. कुणी कुणाला नाही म्हटलेलंच नसायचं.

लहानपणी मला याची भारी गंमत वाटायची. एकदा मी विचारलंही होतं की हे खोटं नाही का. बाबा म्हणाले, "खोटं काऊन? दोन घरांत भांडण नाही झालं, हे खरं हाय ना?" मला ते पटलं होतं. आता तेच वाक्य माझ्यासमोर सतरंजीवर पडलं होतं, आणि या वेळी आदल्या दिवशी कोणी येऊन कुजबुजलेलं नव्हतं. नकार बाबांचा स्वतःचाच होता.

खरं तर दुसरी पत्रिका त्या सतरंजीवर यायलाच नको होती. ती मी आणली, आणि ती माझ्या हातून झालेली मोठी चूक.

तो साखरखेर्ड्याचा, बौद्ध घरातला. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. बुलढाण्याला गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथं दुपारच्या जेवणाच्या रांगेत ओळख झाली. बाबांना मी सगळं सांगितलं होतं. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. ते 'नाही' म्हणाले नाहीत. म्हणाले, "पत्रिका आण." आणि मी शहाणी, मला वाटलं, हा तर कागदाचा प्रश्न आहे. कागद आणून दिला की झालं.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी साखरखेर्ड्याची बस धरली. त्याची आई आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झालेली, शांत बाई, बोलणं मोजकं. त्यांनी चहा दिला. कप हातात असतानाच मी विचारलं, "आई, यांची जन्मवेळ काय हो?"

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "काऊन?"

मी सांगायला सुरुवात केली, आणि माझंच वाक्य माझ्या कानाला विचित्र लागायला लागलं. त्यानं कप खाली ठेवला. तो चिडला की आवाज चढवत नाही, कमी करतो.

"आमच्या घरात पत्रिका हरवलेली नाही," तो म्हणाला. "काढलीच नाही. आजोबांनी ते सगळं ठरवून सोडलं. तू ते माझ्यासाठी परत काढायला आलीस काय?"

"फक्त बाबांच्या समाधानासाठी."

"त्यांचं समाधान माझ्या जन्मवेळेनं होणार हाय?"

शरमेनं माझे कान तापले. एवढी शिकलेली मी, आणि ज्या घरानं दोन पिढ्यांपूर्वी ही गोष्ट उंबऱ्याबाहेर टाकली, त्या घरात तीच मागायला बस धरून गेले होते. उठून निघून जावं असं वाटत होतं, आणि कप अर्धा भरलेला होता म्हणून जाता येत नव्हतं.

त्याच्या आई उठल्या, आतून एक जुनं दवाखान्याचं कार्ड घेऊन आल्या आणि त्यावरची वेळ एका कागदावर सुंदर अक्षरात उतरवून माझ्यापुढं ठेवली. "रात्री नऊ वाजून दहा मिनटं," त्या म्हणाल्या. "मी ड्युटीवरच होते तवा. केंद्रात पोचले अन् मलेच कळा सुटल्या. रजिस्टरात नोंद बी मीच केली मागून. वेळ एकदम पक्की हाय. पुढं तुमच्या बाबांची मर्जी."

तो मला बसस्टँडवर सोडायला आला. बस लागल्यावर म्हणाला, "हे एकदाच. परत माझ्याकडे कागद मागू नको." मी बरं म्हटलं. मेहकर येईपर्यंत मी तो कागद पर्समधून तीनदा काढून पाहिला, जणू त्यावरची वेळ बदलणार होती.

आणि एवढं करून मिळालं काय, तर जामित्र.

पुढचे दोन महिने मी धड एका जागी बसले नाही. जेवताना मी आणि बाबा फक्त भाजीवर बोलायचो. ताट उचललं की मला बाहेर पडावंसं वाटायचं आणि बाहेर पडलं की घरी जाऊन त्यांना हलवून विचारावंसं वाटायचं. लाज, संताप, त्यांच्याबद्दलची काळजी, सगळं एकदम. शाळेत खडू मोडायचे. एका मुलीनं दबकत विचारलं, "मॅडम, आमचं काही चुकलं काय?" तेव्हा कुठं कळलं की मी आवाज चढवून शिकवतेय.

मग मी त्या शब्दाच्या मागं लागले. बाबा म्हणतात मला समजणार नाही, तर समजूनच दाखवते, एवढाच हट्ट होता. आधी मोबाईलवर पाहिलं. तिथं लिहिलेलं होतं की हा शब्द संस्कृत नाही, ग्रीक आहे. माझा विश्वास बसला नाही. मोबाईलवर काय काय लिहिलेलं असतं. पण मूळ ग्रीक शब्द वाचला आणि मी हबकले. डायामेट्रोस. इंग्रजीच्या सरांच्या कपाटात एक जाडजूड कोश होता, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. तो मधल्या सुट्टीत टेबलावर आणून मी 'डायमीटर' काढला. डाया म्हणजे आरपार, मेट्रॉन म्हणजे माप. वर्तुळाच्या एका कडेपासून मध्यातून थेट समोरच्या कडेपर्यंतचं माप. आपला व्यास. आणि हे मेट्रॉन आपल्या मात्रेचं चुलत भावंड निघालं. दोन्हींच्या मुळाशी मोजणं आहे.

बाकीचं मी तुकड्यातुकड्यांनी जमवलं. ग्रीक ज्योतिषी आकाशाचं वर्तुळ काढायचे, त्याची बारा घरं करायचे, आणि एकमेकांच्या अगदी समोर आलेल्या दोन जागांना हा शब्द वापरायचे. पहिल्या घराच्या समोर येतं सातवं. ती विद्या आपल्याकडे आली तसा शब्दही आला, इथल्या जिभेवर घोळून जामित्र झाला, आणि सातव्या घराचं नावच होऊन बसला. मग लग्नाचा मुहूर्त काढताना ते घर मोकळं हवं, त्याला म्हणायचं जामित्रशुद्धी. तिथं ग्रह बसला तर जामित्रदोष. जाया आणि बायको हे सगळं मागून चिकटवलेलं. होरा तिकडचाच, केंद्र तिकडचंच. जुने ज्योतिषी यवनांकडून शिकलो हे मोकळेपणानं सांगत आलेत म्हणे. म्हणजे माझ्या लग्नाला आडवा आलेला शब्द मी दर वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर काढत होते, कंपासनं वर्तुळ आणि पट्टीनं मधून एक रेघ.

मला आनंद झाला म्हणावं तर तो काही चांगला आनंद नव्हता. वर्गात चोरी पकडल्यावर होतो तसला होता. परक्यांचा शब्द परक्याला नको म्हणायला वापरताय, हे वाक्य मी मनात इतक्या वेळा घोळवलं की त्याला धार आली. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. निदान रविवार सोडून दुसरा वार तरी बघायला हवा होता.

पण रविवारच होता. सतरंजीवर एका मुलीचे आई-वडील बसले होते, आणि समोर मुलाकडची चार माणसं. मी चहाचा ट्रे घेऊन आले. बाबांनी बोटांवर मोजलं, पंचांग चाळलं, तोंड बारीक केलं आणि म्हणाले, "जामित्र पाहावं..."

"म्हणजे व्यास," मी म्हटलं. ट्रे अजून हातातच होता. "वर्तुळाचा व्यास. ग्रीक शब्द आहे. समोरचं घर, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येकाला असतं. काल दुपारी हे काका एकटे येऊन सांगून गेले की मुलगा पसंत नाही. मग सरळ सांगा ना तसं."

मुलीच्या बापाचा चेहरा लाल झाला. मुलाकडचा वयस्क माणूस सावकाश उठला, टोपी नीट केली आणि चहा न घेता बाहेर पडला. मागून बाकीचे. मुलीची आई जाता जाता म्हणाली, "काय बोलून राह्यली ही पोरगी!" आणि तिचं काही चूक नव्हतं. तिच्या मुलीचं काय होणार होतं याचा मी क्षणभरही विचार केलेला नव्हता.

बाबा तसेच बसले होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि मग मी ओरडेन, आणि एकदाचं सगळं बाहेर पडेल. ते उठले, सतरंजी झटकली, चौकोनी घडी केली आणि कोपऱ्यात ठेवली. त्यानंतर ती त्यांनी पुन्हा पसरली नाही. गावात बातमी जायला किती वेळ लागतो. पुढच्या रविवारी कोणी आलंच नाही, आणि बाबा सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून रिकाम्या खोलीत पेपर वाचत बसले. त्यांना तसं पाहून मला जे झालं ते अजून विसरता येत नाही. मी त्यांचा एकुलता एक नाद मोडला होता, तोही चारचौघांत.

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. माफी मागायला गेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. कपाटातून एक जुनं ज्योतिषाचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. समासात पेन्सिलीनं, त्यांच्या तरुणपणच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं होतं: जामित्र, यवनी शब्द, अर्थ व्यास.

"तुले काय वाटलं, मले माहीत नव्हतं?" ते म्हणाले.

"मग जाया, बायको ते?"

"ते सगळेच सांगतात. मीही सांगतलं." ते खिडकीबाहेर पाहत होते. "मंगळ म्हटलं असतं तर तू शांत करून आणला असता. नाडी म्हटली असती तर मोबाईल काढून भांडली असती. जामित्र तू कधी विचारलंच नव्हतं. म्हणून ते घेतलं."

"पत्रिकेत काय आहे मग?"

"काही नाही. चांगली हाय. माझी अन् तुझ्या आईची नव्हती इतकी चांगली."

"मग?"

"मग काय. तुलेही माहीत हाय."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, बाबा."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, परत आला. बाबांनी चष्मा काढला.

"त्याची जात," ते म्हणाले. "झालं समाधान? पोरगा चांगला हाय. त्याच्या आईनं वेळ लिहून देली, ते अक्षर पाह्यलं तवाच समजलं माणसं कशी हायेत. शरम वाटते मले हे बोलाले. पण शरम वाटते म्हणून होते असं नाही ना. नाही होत माझ्यानं. लोक येतील, विचारतील, मी काय सांगू? मी नाही येणार तुझ्या लग्नाले."

दोन महिने मी याच उत्तरासाठी तळमळत होते. त्याच्यावर काय बोलायचं, तेही तयार होतं, अगदी मुद्देसूद. त्यातला एक शब्द मला आठवला नाही. मी रडले, आणि रडू संतापाचं होतं. "लोकांना काय सांगाल मग? जामित्र?" एवढंच बोलू शकले. बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवलं. मी त्यांची माफी मागायची ती राहूनच गेली.

लग्न आम्ही बुलढाण्याला नोंदणी कार्यालयात केलं, आणि संध्याकाळी साखरखेर्ड्याच्या विहारात मेणबत्त्या लावून वंदना झाली. माझ्या बाजूनं शाळेतल्या दोन बाया आल्या होत्या. त्याच्या आईनं मला त्यांच्या शेजारची खुर्ची दिली आणि सगळा वेळ माझा हात धरून ठेवला. दारातून कोणी आत आलं की मी मान वळवून पाहत होते. बाबा आले नाहीत. त्यांनी सांगितलेलं खरं केलं.

मी रोज साखरखेर्ड्याहून बसनं मेहकरला शाळेत येते-जाते. बाबांचं घर स्टँडपासून पायी दहा मिनिटांवर. चार महिने मी त्या रस्त्यानं वळले नाही. फोन करायचा म्हणून रोज मोबाईल काढायचा आणि रोज ठेवून द्यायचा. ते जेवतात काय, औषध घेतात काय, हे डोक्यातून जात नव्हतं, आणि त्याच डोक्यात त्यांच्यावरचा रागही होता. नवरा म्हणायचा, जाऊन ये ना. मी म्हणायचे, कशाला? मला ठाऊक होतं ते लोकांना काय सांगत असतील. पत्रिका जुळत नव्हती हो, पोरीनं ऐकलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे नकार त्यांनी आकाशावर ढकलले, स्वतःचा ढकलायला किती वेळ लागणार.

एका शनिवारी स्टँडवर आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग जवळ सरकल्या.

"तुझ्या बाबाची तब्येत बरी हाय ना ग?"

"का? काय झालं?"

"काही नाही. पण परवा देवळात पाच-सहा जण होतो आम्ही. कोणीतरी विचारलं, पत्रिका जुळत नव्हती म्हणून नाही गेले का लग्नाले? मी तर म्हटलं, हाव म्हणतील अन् संपन." काकूंनी आवाज आणखी खाली आणला. "तर म्हणे, पत्रिका चांगली जुळत होती. मीच नाही जुळलो. जात आडवी आली माझ्या, म्हणे. असं बोलते काय कोणी, सगळ्यांसमोर?"

साखरखेर्ड्याची बस लागली होती. मी काकूंना काहीतरी उत्तर दिलं, बसमध्ये चढले, खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर तिकिटं देत पुढून येत होता. बाबांचा नकार होता तसाच होता, त्यात सूतभरही फरक पडलेला नव्हता. पण आता तो त्यांचा होता, त्यांनी स्वतः चारचौघांत उचलून घेतलेला, आणि आकाशातल्या ग्रहांशी जे करता येत नाही ते त्यांच्याशी करता येणार होतं. समोर बसून भांडता येणार होतं.

मी पिशवी उचलली, कंडक्टरला म्हटलं थांबा, आणि उतरून बाबांच्या घराकडे चालायला लागले.